कडी तेवढी लावू नका

सन एकोणीसशे सत्त्याहत्तर, माझं वय एकोणसत्तर. तार आली तेव्हा मी न्हाणीघरात होतो आणि दाराला आतून कडी होती. बायको मुलीकडे नागपूरला गेलेली, घरात मी एकटा, म्हणजे कडी लावू नका म्हणणारं कुणी नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत रोज सकाळी ती कडी मी जरा ठोकूनच लावत होतो. बाहेरून बोउदीची हाक आली. बोउदी म्हणजे आमच्याच पडवीवर पलीकडच्या दोन खोल्यांत राहणारी बंगाली शेजारीण. अख्खी गल्ली तिला बोउदी, म्हणजे वहिनी, म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. तार आलीय, म्हणाली. ठेव तिथे, मी आतून म्हटलं. ती काही हलली नाही. पंचा गुंडाळून बाहेर आलो तर न्हाणीघराच्या दारासमोर, अगदी उंबऱ्याला लागून, तिची बोंटी मांडलेली. बोंटी म्हणजे त्यांच्याकडची विळी. शेजारी अर्धा चिरलेला भोपळा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की स्वतःचं स्वयंपाकघर सोडून ही बाई माझ्या दारात भाजी चिरत का बसलीय... आणि मग तिचं तोंड पाहिलं. तार इंग्रजीत होती. मला इंग्रजी येत नाही आणि ते मी कधी लपवलेलं नाही. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि नुसती मान हलवली. "माशीमा..." एवढंच म्हणाली. माशीमा म्हणजे मावशी. माझ्या बायकोला ती माशीमा म्हणायची.

हावड्याहून नागपूर लांब आहे. मी पोचलो तेव्हा मुलीच्या घराचं अंगण धुऊन वाळलंसुद्धा होतं. जावयांनी माझ्यासाठी थांबायचा प्रयत्न केला, पण उन्हाळा लागला होता, नाइलाज झाला. त्यांना बोल लावत नाही. मुलगी, सुमन, सांगत होती ती ऐकत बसलो. भाजी निवडता निवडता आईला घाम आला, छातीत दुखतंय म्हणाली. सुमन घाबरून तिला आडवं करायला गेली तर आईनेच सांगितलं, आडवी करू नकोस, उशीला टेकवून बसव, आणि कुणाला तरी डॉक्टरांकडे धाड. तेवढ्यात तिचं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथे दूध चढवलेलं होतं. "आधी गॅस बंद कर," म्हणाली. सुमनने गॅस बंद केला आणि मागे वळली... डॉक्टर आले, पण त्यांना काही करायला उरलं नव्हतं. जन्मभर जे बोलत आली तेच बोलून गेली. रडू येतं आणि थोडं हसूही येतं, आणि हे ज्याला सांगावं असं एकच माणूस होतं, तेच गेलं.

मी तिला पाहिलं नाही, म्हणून माझ्या लेखी ती अजून हावड्याच्या फलाटावरच्या गाडीत आहे. गाडीच्या खिडकीतून तिच्या सूचना चालल्या होत्या. पेटत्या स्टोत रॉकेल ओतू नका. वीज गेली तर कंदील उशाशी घेऊन झोपू नका. गोळ्या अंधारात चाचपून घेऊ नका, दिवा लावून, नाव बघून घ्या. मी हूं हूं करत होतो आणि बाजूच्या बाकावरचा एक बंगाली गृहस्थ आमच्याकडे बघून हसत होता. गाडी हलली तशी ती गजातून पुढे झाली. "आणि कडी तेवढी लावू नका. तांब्या ऐकायला आता मी नाही." मी म्हटलं, "बघू." एवढ्या वर्षांच्या संसारातला माझा शेवटचा शब्द म्हणजे हा 'बघू'. त्या कडीची आणि तांब्याची गोष्ट सांगितली की तिची सगळी गोष्ट सांगून होते, म्हणून तीच सांगतो.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी म्हटलं, अण्णा, वहिनींवर दोन शब्द लिहा, वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला पाठवू. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दोन शब्द लिहिणं मला जमत नाही, हात लागला की सगळंच लिहावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ मंडळातल्या एका बाईंनी सुधारून दिलेत. वाक्यांना हात लावायचा नाही असं त्यांना बजावलं होतं. त्यांनी दोन ठिकाणी लावला, ते मी परत होतं तसं केलं.

मी रत्नागिरीकडचा. एकोणिसाव्या वर्षी मामाच्या मागून कलकत्त्याला आलो आणि गार्डन रीचला जहाजं बांधायच्या यार्डात फिटर म्हणून लागलो तो निवृत्त होईपर्यंत तिथेच. ही मात्र इथली. आजोबांपासून तिची माणसं कलकत्त्यात. वडील लवकर गेले तेव्हा तिच्या आईने रेल्वेच्या कचेरीतल्या मराठी बाबूंसाठी खाणावळ काढली, आणि त्या बाबूंच्या पंगतीत हाताला ग्रीस लागलेला मी एक फिटर. बाबू लोक भाताला नावं ठेवायचे, मी कधी ठेवली नाहीत, म्हणून तुम्हाला मुलगी दिली असं सासूबाई पुढे सांगायच्या. त्या खाणावळीत एक गोष्ट झाली होती. भाताची पेज गाळून पातेलं खाली जमिनीवर ठेवायची पद्धत. हिची धाकटी बहीण, तीन-चार वर्षांची, खेळताना मागे मागे चालत आली आणि त्या पातेल्यात बसली. जमलेल्या माणसांनी ज्याला जे सुचेल ते लावलं. कुणी शाई, कुणी तूप, कुणी तुळशीची माती. गार पाणी कुणाला सुचलं नाही. पोर काही दिवस जगली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हिने मला हे एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी नाही. पण आमचं घर त्या एका गोष्टीवर मांडलेलं होतं, हे मला समजायला बराच काळ लागला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिने जन्मभर ताक फुंकलं आणि आम्हालाही फुंकायला लावलं. आमच्या घरात उकळतं भांडं जमिनीवर टेकलेलं कुणी पाहिलं नसेल. चुलीवरच्या पातेल्यांचे दांडे भिंतीकडे वळलेले. स्टोशी बसताना पदर खोचलेला, आणि तो खोचला का हे ती पाहुण्या बायकांनाही विचारायची, मग ती बाई बँकेतल्या साहेबाची बायको का असेना. रॉकेल सरबताच्या बाटलीत भरलेलं दिसलं तर ती बाटली कुणाच्याही घरात असो, हिने उचलून वरच्या फळीवर ठेवलीच म्हणून समजा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मी म्हणायचो, अगं, शेवटी पाणी तेच होणार ना, आधी काय नि नंतर काय. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, मधल्या वेळात कुणी हात घातला तर? घरात लहान मूल राहिलं नाही तरी तिचं ते 'कुणी' कायम होतं. ते कोण होतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या एका बाबतीत मी वाद घातला नाही. बाकी सगळ्यांत घातला.

पासष्टच्या लढाईत रात्री काळोख पाळायचा होता तेव्हा मोहल्ल्यात बायकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग निघाले. शिकवायला एक पोक्त नर्सबाई यायच्या. बाकीच्या बायका दोन दिवस गेल्या आणि गप्पा मारून परत आल्या. आमची जाऊन बसली ती शेवटपर्यंत. शिकून आलेलं करून बघायला घरी माणूस एकच. संध्याकाळी यार्डातून आलो की चहा व्हायच्या आत माझा हात जुन्या लुगड्याच्या त्रिकोणी तुकड्यात गळ्याला टांगलेला असायचा. एकदा तसाच डाव्या हाताने पोहे खात बसलो होतो, तर यार्डातला माझा जोडीदार आला आणि अर्ध्या गल्लीत बातमी झाली की अण्णांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी लोक समाचाराला आले. हिने सगळ्यांना चहा पाजला आणि आल्यासारखे बसा म्हणून मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची तेही दाखवून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री म्हटलं, पुन्हा मला हात लावायचा नाही. "बरं," म्हणाली, "मग उद्या पाय."

तिची थट्टा करणारी गल्ली गप्प झाली ती सरस्वती पूजेच्या दिवशी. बंगाल्यांत अशी पद्धत, की सरस्वतीची पूजा होईपर्यंत पोरं बोरं तोंडात घालत नाहीत. कुल म्हणतात बोरांना. पूजा झाली की मग सगळी पोरं एकदम तुटून पडतात. बोउदीची टुकटुकी तेव्हा चारेक वर्षांची. पडवीत पोरांची पळापळी चाललेली, तोंडात बोरं, आणि टुकटुकी एकदम थांबली. आवाज नाही, रडणं नाही, नुसते हात हवेत. बोउदीने पाण्याचा पेला आणला, कुणी म्हणालं तोंडात बोट घाला, कुणी म्हणालं भाताचा गोळा गिळायला द्या. हिने पेला हातानेच बाजूला सारला, पोरीला उचलून मांडीवर पालथी घातली, डोकं खाली, आणि तळहाताच्या मुळाने पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, सणकून मारलं. बोउदी किंचाळली, माझ्या पोरीला मारता काय म्हणून. आणखी दोनदा मारलं. तिसऱ्याला बी उडून माझ्या पायाशी पडली आणि पोरीने गळा काढला. त्या रडण्याइतकं गोड गाणं त्या पडवीत पुन्हा कुणी गायलं नाही. हिने पोरीचं तोंड पुसलं, आईच्या हातात दिली, घरात आली आणि पाटावर बसली. मला म्हणाली, अहो, मला जरा चहा करून द्या. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा स्टो पेटवला. पिन मारायची कशी तेही तिनेच बसल्या जागेवरून सांगितलं. त्या दिवसापासून बोउदीने हिला माशीमा म्हणायला सुरुवात केली, आणि ओघाने मी मेशोमशाई, मावसोबा, झालो.

आता बंबाची गोष्ट. आमच्या घरी कोकणात तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इथे कुणाला तो ठाऊक नाही, आणि इथल्या हवेत त्याची गरजही नाही, हेही खरं. पण दिवाळीचं अभ्यंगस्नान पातेल्यातल्या पाण्याने करायचं माझ्या मनाला पटेना. निवृत्त झाल्यावर तांब्याचा पत्रा आणून मी स्वतःच्या हातांनी बंब बनवला. जोड असा, की थेंब गळायचा नाही. अख्ख्या गार्डन रीचमध्ये बंब एकच, आणि तो माझा. हिची एकच अट होती, बंब पडवीबाहेर अंगणातच पेटायचा. काही वर्षं तसाच पेटला. सन एकोणीसशे एकोणसत्तरची दिवाळी आली. आदल्या संध्याकाळी बोउदीकडे त्यांच्या रिवाजाप्रमाणे चौदा दिवे लागले होते, आणि आमच्याकडे पहाटेची तयारी. इथे कारीट मिळत नाही म्हणून अंगठ्याने फोडायला ही दरवर्षी एक लहानसं पटोल आणायची. पटोल म्हणजे परवर. मी म्हणायचो नरकासुर परवराने मरायचा नाही, ती म्हणायची इथला बंगाली आहे, मरेल. पहाटे उठलो तर पाऊस भुरभुरत होता. लाकडं ओली झालेली. मी बंबात दगडी कोळसा घातला, इथे घरोघरी तोच जळतो, आणि बंब ओढून न्हाणीघरात आणला. ही म्हणाली, आत आणू नका. मी म्हटलं, बंब मी बनवलाय. ती म्हणाली, निदान झरोका उघडा ठेवा. मी म्हटलं, गारठा येतो, आणि झरोक्यात पोतं कोंबून कडी लावली. ह्यावर आमचं भांडण झालं आणि दोघंही गप्प झालो.

पुढचं मला तिच्याकडून कळलेलं. ती पटोल घेऊन दाराबाहेर उभी. हाक मारली, उत्तर नाही. तिला वाटलं, रुसलेत. मी रागावलो की उत्तर देत नाही ही माझी जुनी खोड सगळ्या गल्लीला माहीत. ती तशीच उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की पाण्याचासुद्धा आवाज नाही. रागावलेला माणूस गप्प बसेल, पण तांब्या गप्प बसणार नाही. तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि कडीच्या बाजूला दारावर घालत सुटली. बोउदी आणि तिचा नवरा धावत आले. दार तुटलं तेव्हा मी बंबाशेजारी पडलो होतो, अंगाला उटणं तसंच. तिघांनी मला ओढून पडवीत उघड्यावर आणलं. बोउदीचा नवरा माझ्या तोंडात पाणी घालायला निघाला, ते तिने घालू दिलं नाही, म्हणाली, शुद्ध नाही, पाणी श्वासात जाईल. कुणी चप्पल हुंगवायला आणली, ती फेकून दिली. मला कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं, जमलेल्यांना हाकलून वारा मोकळा केला आणि बोउदीच्या नवऱ्याला टॅक्सीसाठी पिटाळलं. मला पहिली आठवण आहे ती डोक्यावर घण पडल्यासारखी दुखण्याची, आणि तिच्या तोंडाची, माझ्या तोंडाच्या अगदी जवळ. ती श्वास ऐकत होती. इस्पितळातून दुसऱ्या दिवशी घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बंद खोलीत जळत्या कोळशाचा वायू विषासारखा असतो, त्याला वास नाही, रंग नाही. मी समाचाराला आलेल्यांना पित्त झालं म्हणून सांगत होतो.

अंगात बळ आल्यावर मी काय केलं असेल? दार नवं केलं, आणि त्याला पहिल्यापेक्षा जाड लोखंडी कडी बसवली, चार स्क्रूंची. बंब विकून टाकला, तेवढं मात्र केलं. ही काम करता करता माझ्याकडे बघत होती. कडी बसवून झाली तशी म्हणाली, "तुम्ही एरवीही उत्तर देत नाही. गप्प बसलात काय आणि मेलात काय, मला बाहेरून कळायचं कसं?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होती. उघड्या दाराने अंघोळ माझ्या बापाने केली नाही, मी करणार नव्हतो, आणि आतून बायकोला ओरडून 'आहे, आहे' सांगत बसणंही मला जमण्यातलं नव्हतं. शेवटी म्हटलं, बोलणार नाही, तांब्या वाजवीन. ती म्हणाली, चालेल.

तेव्हापासून ती जाईपर्यंत तसंच चाललं. सकाळी यार्डाचा भोंगा झाला की मी न्हाणीघरात, आणि ती दाराबाहेर विळी घेऊन. भाजी चिरल्याचा आवाज आत यायचा. मधेच तो थांबायचा. विचारायची काही नाही, नुसती विळी थांबायची. मी तांब्या बादलीच्या काठावर दोनदा आपटायचा, की विळी पुन्हा सुरू. कधी राग असला तर मी जरा उशीर करायचा. तिने तेही ओळखलं होतं, त्या दिवशी दुप्पट वेळा थांबायची. सुमन माहेरपणाला आली की हसायची, म्हणायची, तुमच्या दोघांचं हे तारायंत्र. आमच्यासारख्या माणसांनी एकमेकांशी काय बोलायचं असतं... मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हटलं की येत होती. आता ह्या वयाला तोंडातून दिवसाकाठी दहा वेळा 'अगं' निघतं आणि मग आठवतं. पण 'अगं'पेक्षा जास्त चुकल्यासारखं होतं ते सकाळी. पाण्याचा आवाज स्वतःचा स्वतःला ऐकू येतो, एवढा तो पूर्वी कधी येत नव्हता.

दिवस-कार्य झाल्यावर सुमन मला नागपूरला ठेवून घ्यायला बघत होती. मी ऐकलं नाही. मग ती माझ्याबरोबर इथे आली, सामान आवरून मला परत न्यायला. दार उघडल्यावर आधी डोळ्यांना दिसली ती भिंतीकडे वळलेल्या दांड्यांची पातेली. मी एकटा होतो तेव्हा मीही ती तशीच ठेवत होतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. फळीवर तिचा औषधांचा डबा, बिस्किटांचा जुना पत्र्याचा, त्यात धुऊन घड्या घातलेले लुगड्याचे तुकडे. सुमनने तो घेऊन जवळ धरला. मग माझी धोतरं, सदरे ट्रंकेत भरायला लागली. मी म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, अण्णा, इथे तुम्हाला कोण आहे? मी म्हटलं, तुझी आई आहे. माझ्या तोंडून ते निघून गेलं. नागपुरात अंगणाबरोबर तीही धुऊन गेली होती. इथे मात्र प्रत्येक वस्तू तिने ठेवली तिथे आहे, आणि मी गेलो की घरमालक दोन दिवसांत भिंतीला चुना मारून दुसरं बिऱ्हाड आणील. मग ती कुठे राहील?

संध्याकाळी, जाण्याच्या आदल्या दिवशी, सुमन न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कडीवर हात ठेवून म्हणाली, "मला कळतं अण्णा, तुम्हाला इथून का हलायचं नाही. राहा. पण ही कडी लागत असेल तर मी तुम्हाला इथे सोडून जाणार नाही. दाराबाहेर आता आई नाही." मी म्हटलं, दार माझं, कडी माझी, अंघोळ माझी. ती आईसारखी भांडत नाही, कडीवरचा हात तेवढा तिने काढला नाही. तेवढ्यात बोउदी वाटीत काहीतरी घेऊन आली होती, तिला मराठी कळत नाही पण कडीवरचा हात कळला. तिने सुमनला बंगालीत सांगितलं ते मला समजलं. माशीमा नागपूरला निघाल्या तेव्हा मला सांगून गेल्या होत्या, म्हणाली, की सकाळी भाजी आमच्या दारात बसून चीर. मेशोमशाई बोलणार नाहीत, तांब्या ऐक. तांब्या थांबला तर दार तोड. पण ते तांब्या वाजवतच नव्हते, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मी नुसता पाण्याचा आवाज ऐकत बसायची, आणि कडी निघायच्या आत उठून जायची.

मी बाहेर अंगणात जाऊन बसलो. म्हणजे फलाटावर माझा तो 'बघू' ऐकायच्या आधीच तिने तो ऐकून ठेवला होता... मी काय म्हणणार, काय करणार, सगळं धरून दाराबाहेर माणूस बसवून गेली होती. आणि मी त्या माणसाच्या बोंटीवर खेकसणार होतो. जेवायला बोलावलं तेव्हा आत गेलो. जेवलो. माझी ट्रंक दाराशी भरून तयार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आधी उठलो. माझी यार्डातली हत्यारं मी अजून तेल लावून ठेवतो. पेचकस घेतला आणि न्हाणीघराच्या दारापाशी बसून कडीचे चारही स्क्रू काढले. माझ्याच हाताने आवळलेले, सहजासहजी निघाले नाहीत. कडी आणि स्क्रू पुसून तिच्या औषधांच्या डब्यात, लुगड्याच्या तुकड्यांखाली ठेवले. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वळली, ट्रंक उघडली आणि माझी धोतरं एकेक काढून दांडीवर टाकायला लागली. मी आत गेलो, दार नुसतं लोटलं. बादलीत आधी गार पाणी घेतलं, मग गरम. भोंगा झाला. बाहेर बोंटी मांडल्याचा आवाज आला आणि भाजी चिरायला सुरुवात झाली. मी अंगावर पाणी घेत होतो. थोड्या वेळाने चिरणं थांबलं. मी तांब्या बादलीच्या काठावर दोनदा वाजवला. बोंटी पुन्हा सुरू झाली.